शिडाच्या होड्या गेल्या, त्यांच्याबरोबर अजून काय काय गेलं?

माहेर_कोळीवाडा (पुणे)

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकला, शिडाच्या होड्यांची रांग, सातपाटीकडचा असावा, आणि खाली लिहिलं "काय ते दिवस होते!" लगेच धडाधड बदाम आणि नमस्कार. मी विचारलं की मामा, या होडीत किती जण असायचे, किती आत जायचे, जेवायचे काय, तर एकालाही धड सांगता येईना. आजोबा आमच्या घरातले दर्यावर जाणारे शेवटचे, त्यांच्यानंतर कुणी पोर्ट ट्रस्टमध्ये, कुणी मिलमध्ये, कुणी बँकेत, आणि आजोबा स्वतः फार बोलणारे नव्हतेच.

तर इथे कोकण किनाऱ्याचे बरेच जण आहेत म्हणून विचारते. इंजिन यायच्या आधी खोल पाण्यातली मासेमारी नक्की चालायची कशी? आणि नुसता तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी नाही, त्या होडीच्या मागे किनाऱ्यावर जी माणसं राबायची, जाळी, दोर, शीड, मीठ, टोपल्या हे सगळं करणारी, त्यांचं काय झालं? त्यातलं काही शिल्लक आहे का? आणि शेवटचं म्हणजे ते "काय ते दिवस" खरंच तसे होते का, की फोटोत आहे म्हणून छान दिसतंय? गूगल करून मिळेल ते नको, घरात ऐकलेलं पाहिलेलं सांगा.

---

अर्नाळा_लाइन

ताई, आम्ही डोलवाले, वसई-अर्नाळा पट्ट्यातले, त्यामुळे डोलीचं सांगतो. सातपाटीवाल्यांचं पापलेटचं जाळं वेगळं, ते त्यांनी सांगावं.

डोल म्हणजे पिशवीच्या आकाराचं प्रचंड जाळं, तोंड रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं. समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात त्याला ते बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आत येतो. माशाच्या मागे पळायचं नाही, पाणी आणेल ते घ्यायचं. म्हणून उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला धंदा आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओढ कमी असते तेव्हा, जाळी किनाऱ्यावर आणून दुरुस्ती, सगळं चंद्रावर. आमच्या घरी लग्नाचा मुहूर्त काढताना भटजीच्या आधी आजोबांना विचारायचे की तेव्हा उधाण आहे का, कारण उधाणात लग्न ठेवलं तर वऱ्हाडात पुरुष माणूस दिसणारच नाही.

लोकांना वाटतं कोळी म्हणजे जाळं टाकणारा. अहो, अर्धं आयुष्य खुंटात जायचं. ओंडक्याला ओंडका जोडून लांब खुंट करायचा, तो दहा-पंधरा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात उभा धरायचा आणि तळाच्या चिखलात घुसवायचा, तेही यंत्राशिवाय. आजोबा सांगायचे दोन होड्या शेजारी बांधायच्या, मधे खुंट, एक जण सूर धरणार आणि बाकी सगळे त्या तालावर दोर खेचणार, पाण्याचा जोर कमी असेल तेवढ्या वेळात काम उरकायचं, नाहीतर ओढ सुरू झाली की खुंट तिरका आणि दिवस फुकट. दोर सुटून हाताची सालटी निघणं ही तक्रार करायची गोष्टच नव्हती. आणि जिथे खुंट मारला ती जागा म्हणजे कव. सातबारा नाही, कागद नाही, पण कुठली कव कुणाची हे अख्ख्या गावाला पाठ, बापाकडून पोराकडे जायची. जागा ओळखायची कशी तर डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस किंवा चर्चचा मनोरा एका रेषेत आला की इथे, आणि किनारा दिसेनासा झाला की तारे, पाण्याचा रंग आणि शिसं बांधलेल्या दोरीने मोजलेली खोली. आता जीपीएस आहे. कुठली कव कुणाची यावरून आमचं आणि पालघर-डहाणूवाल्यांचं जे वर्षानुवर्षं चाललंय ते पेपरात येतंच, मी त्यात पडत नाही, इथे दोन्हीकडचे लोक आहेत.

आता किनाऱ्यावरची माणसं. जाळं तेव्हा सणाचं, म्हणजे तागासारख्या झाडाच्या धाग्याचं. सण आणायचा, चातीवर सूत काढायचं, म्हाताऱ्या बायका आणि दर्यावर न जाऊ शकणारे म्हातारे दिवसभर हेच करत. मग विणायचं, बांबूची चपटी सुई आणि डोळ्याच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाची पट्टी. विणून झालं की रंगवायचं, म्हणजे शोभेसाठी नाही, कुजू नये म्हणून. ऐनासारख्या झाडांची साल कुटून मोठ्या हंड्यात उकळायची, पाणी लाल-तपकिरी झालं की जाळं गरम गरम बुडवायचं, बाहेर काढून वाळवायचं, आणि थोड्या दिवसांनी परत तेच, पूर्ण सीझन. आजीचे हात कोपरापर्यंत कायम तपकिरी असायचे. ती सांगायची की हळदीच्या दिवशी बायका हसल्या, म्हणाल्या हिला हळद लावून दिसणार कुठे.

साठच्या दशकात नायलॉन आलं आणि हे सगळं बघता बघता बसलं. साल घेऊन डोंगरातून उतरणारे आदिवासी, सणाचा व्यापारी, सूत काढून पोट भरणाऱ्या विधवा बायका, सगळ्यांचं एकदम. त्यांना कुणी विचारलं पण नाही की आता तुम्ही काय करणार.

---

सुकटवाली_ताई (उत्तन)

अर्नाळा दादा, सगळं बरोबर लिहिलंत पण त्या हंड्याचं एवढं कौतुक नको. माझ्या आईने ते काम केलंय. धुराने डोळे जायची वेळ, ओलं सणाचं जाळं किती जड होतं ते उचलणाऱ्यालाच माहीत, दोन बायकांना कंबरेचं दुखणं त्याच्यापायीच लागलं. नायलॉन आलं तेव्हा आईने म्हणे नारळ फोडला. विधवा बायकांचं काम गेलं हे खरं आहे, ते मी नाकारत नाही, पण पुरुषांनी लिहिलेल्या आठवणींत बायकांचे कष्ट नेहमी सुंदर का दिसतात हे मला कळत नाही.

आणि बायकांचं सगळं काम गेलं असंही नाही. बोंबील आजही वलांडीवरच वाळतो. बांबू उभे केलेले, दोऱ्या ताणलेल्या, आणि दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक असतात पण सुईसारखे, बोटं फाटतात, वरून खारं पाणी. शंभर-दोनशे नाही, होडी भरून आली की हजारोंनी. लहानपणी शाळेतून आलो की हेच. मधेच अवकाळी पाऊस आला की अख्खा माल काळा पडून खतात. हल्ली डिसेंबरात पण पाऊस येतो म्हणून काही जणींनी वलांडीच सोडली.

गेलं ते काय सांगते. एक म्हणजे आत गावागावात पायी सुकट घेऊन जाणं आणि पैशाऐवजी भात घेऊन येणं. आईची घरं ठरलेली होती, अमक्या पाड्यात अमकीच्या ओटीवर पाटी उतरवायची, पावसाळ्याआधी त्यांनी सुकट-बोंबील भरून ठेवायचे आणि कापणी झाली की आईने भात आणायचा. उधार-जमा सगळं तोंडी. ट्रेन आणि टेम्पो आल्यावर आम्ही बाजारात बसायला लागलो आणि ती घरं तुटली. दुसरं, बुरूड. टोपल्या, हारे, पाट्या, झाकणं, होडीत लागणाऱ्या करंड्या, बंदरापाशी बुरडांची वस्ती असायची आणि सीझनच्या तोंडावर त्यांना मान वर करायला वेळ नसायचा. आता प्लॅस्टिकचे क्रेट आणि थर्माकोल. लाकडी पिंपं असायची जाळ्याला तरंगत ठेवायला, ती करणारे कारागीरही गेले, निळे प्लॅस्टिकचे ड्रम आले.

माहेर ताई, तुमच्या आजोबांबरोबर तुमच्या आजीचंही विचारा. फोटोत होड्या आहेत म्हणजे आजी वाळूत कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी असणारच, आणि मोकळी बसलेली नसणार.

---

मत्स्य_पदवीधर (रत्नागिरी)

दोघांचंही पटलं. थोडा पुस्तकी माणूस आहे, पण मिरकरवाड्यात, म्हणजे इथल्या मासेमारी बंदरात, रोज जाणं असतं म्हणून लिहितो.

आधी "खोल समुद्र" या शब्दाबद्दल. शिडाच्या काळात बहुतेक होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या, म्हणजे वाराच टाइमटेबल. वारा पडला की वल्ही, आणि आत दहा-बारा मैल असताना वारा पडला तर काय होत असेल विचार करा. मोठ्या होड्या मात्र दिवसेंदिवस बाहेर राहायच्या, उत्तरेला पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जायच्या, आणि बर्फ नव्हता म्हणून मासळी होडीतच चिरून मिठात. चूल म्हणजे लाकडी पेटीत माती लिंपून केलेली, पाण्याचं पिंप एक, आणि ते पाणी पिण्यासाठी सोडून कशालाही वापरलं तर तांडेल बापाचं नाव काढायचा. भात आणि जे जाळ्यात आलं त्याचं कालवण. आजारी पडलं तर पडलं.

मिठाचं एक सांगण्यासारखं आहे. ब्रिटिश काळात मिठावर कर होता, मग मासे खारवणाऱ्यांना परवडणार कसं, म्हणून सरकारनेच बंदराबंदरावर खारवणाची आवारं काढली, तिथे करमुक्त मीठ मिळायचं पण मासळी त्या कुंपणाच्या आतच खारवायची, बाहेर मीठ नेलं तर गुन्हा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि खाली कारवारकडे ही आवारं होती. तिथले वजनकाटेवाले, कारकून, खारवणाऱ्या बायका अशी एक वेगळी दुनिया होती. १९४७ ला मिठावरचा कर गेला, पुढे बर्फाचे कारखाने आले आणि आवारांचं कामच उरलं नाही.

असाच एक धंदा थोडी वर्षं चमकून गेला, मुशीच्या (शार्कच्या) काळजाचं तेल. होडीच्या लाकडाला मुशीचं तेल लावायची पद्धत जुनीच. पण दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉडलिव्हर ऑइल बंद झालं आणि अ जीवनसत्त्वासाठी मुशीच्या तेलाला एकदम भाव आला. कालिकतला आणि मुंबईत सरकारी कारखाने निघाले, कोळी मुद्दाम मुशीच्या मागे जायला लागले. मग कारखान्यात कृत्रिम जीवनसत्त्व बनायला लागलं आणि संपलं.

इंजिनाचा इतिहास लोकांना वाटतो तेवढा सरळ नाही. मुंबईच्या समुद्रात वाफेवरच्या ट्रॉलरचा सरकारी प्रयोग १९२१-२२ मध्येच झालेला, "विल्यम कॅरिक" नावाची बोट, पण तो पुढे गेला नाही. स्वातंत्र्यानंतर केरळात नॉर्वेबरोबरचा १९५२ चा करार आणि आपल्याकडे सोसायट्यांमार्फत इंजिनाला कर्ज, तिथून चित्र बदललं. आणि माझ्या मते खरी उलथापालथ नायलॉनने नाही तर हिशोबाने केली. शिडाच्या काळात पकड आली की वाटे पडायचे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, तांडेलला थोडा जास्त. वारा फुकट होता. इंजिन आल्यावर आधी डिझेल, बर्फ, रेशन, कर्जाचा हप्ता वजा आणि मग उरलं तर वाटा. हळूहळू वाटा जाऊन पगार आला, आणि पगार आला म्हणजे माणूस घरचाच पाहिजे असं राहिलं नाही. आज मिरकरवाड्यात बोटीवर बघा, नेपाळी पोरं आहेत, कर्नाटकातली आहेत. ऑगस्टच्या आधी मालक उचल देऊन माणसं बांधून ठेवतो आणि मे अखेरपर्यंत ती बोटीवरच राहतात, तिथेच जेवण तिथेच झोप.

---

देवगडचो_नाखवो

माजो आजो तांडेल होतो, तेणा सांगलेला एकच वाक्य लिवतंय, "वारो दिसता त्येका भियाचा नाय, थांबता त्येका भियाचा." बाकी मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळाचा नाय म्हणून मराठीत लिहितो.

गेलेल्या धंद्यात कलाफत करणारे कुणी लिहिले नाहीत. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस तेलात भिजवून ठोकून बसवायचा, पटाशी आणि लाकडी हातोडा, ठक ठक ठक, पावसाच्या आधी होड्या वर ओढल्या की अख्ख्या किनाऱ्यावर तोच आवाज. चांगला कलाफतवाला कान लावून सांगायचा कुठे पोकळ आहे. खालून चुना आणि तेलाचा लेप. शीड शिवणारेही वेगळे, जाड सुताचं कापड, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून सुई रेटायची, आणि शीड कापण्यात चूक झाली तर होडी वाऱ्याला नीट धरत नाही म्हणून त्याला तांडेलइतकाच मान. परबाणाला, म्हणजे शीड ज्या दांड्याला बांधतात त्याला, लागणारा लांब सरळ वासा शोधून आणणारेही ठरलेले. यातलं आता फारसं काही उरलं नाही, शीड फक्त नारळी पुनवेच्या बॅनरवर.

पण मुख्य लिहायचं ते हे की जुने दिवस कष्टाचे आणि आताचे मजेचे असं कुणी समजू नये. तेव्हा आभाळ बघून ठरवायचे, आता बंदरावर धोक्याचा बावटा लागतो आणि मोबाइलवर मेसेज येतो, तरी ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यातली किती माणसं परत आली नाहीत. सीझन ऐन भरात होता, बोटी लांब होत्या, आत गेलेल्या बोटीला परत यायला लागणारे तास आणि वादळाचे तास यांचा मेळ बसत नाही. तीन नंबरचा बावटा किनाऱ्यावरच्याला दिसतो, पन्नास मैलांवरच्याला नाही. वायरलेस लागला तर लागला. बंदरावर बायका रात्रभर बसून, कुणाची बोट कुठल्या खाडीत शिरली याच्या बातम्या उलटसुलट. माणूस सापडला नाही तर मेला असा दाखला पण मिळत नाही लवकर, म्हणजे मदत नाही, कर्ज मात्र चालू. हे मी शेजारच्या घरात बघितलंय.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा उलट झालं, केरळ-तामिळनाडूच्या साठाच्या वर बोटी वाहत-हाकत आमच्या देवगड बंदरात आल्या. एवढी शेकडो माणसं, भाषा कुणाची कुणाला कळत नाही, पण भात आणि कालवण दोघांचं एकच. ती पोरं कुठून निघाली होती आणि कुठे आली बघा, खोल समुद्र म्हणजे काय ते तेव्हा आमच्या पोरांना कळलं.

---

डहाणू_रोड

वर रत्नागिरीच्या सरांनी उचलीचं लिहिलंय तिथून पुढे सांगतो.

आमच्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांमधून पोरं दरवर्षी गुजरातच्या बोटींवर जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ. आदिवासी घरातली, यांच्या बापजाद्यांनी समुद्र बाजारापुरता बघितलेला. पावसाळा संपता संपता मुकादम येतो, उचल देतो, घराची कौलं होतात किंवा बहिणीचं लग्न होतं, आणि पोरगा आठ-नऊ महिने बोटीवर. पोहता येतं का असं कुणी विचारत नाही.

तिकडची सरहद्द पाण्यावर आखलेली नाही, सर क्रीक खाडीचा भारत-पाकिस्तान वाद अजून मिटलेला नाही, आणि मासा मिळतो त्या बाजूलाच. मग पाकिस्तानवाले बोट पकडतात आणि पोरगा कराचीच्या जेलात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्या दिवशी आमच्याकडे लोक टीव्हीपुढे बसतात, पण यादीत नाव असणं म्हणजे सुटणं नाही. शिक्षा काही महिन्यांची असते आणि माणूस वर्षानुवर्षं आत. काही जण तिथेच वारले, मयत यायला आठवडेच्या आठवडे लागले. सुटून आला तरी बोट येत नाही, मालक म्हणतो माझं एवढं नुकसान झालं तुझा हिशोब कसला. एका घरात तर बाप आत असताना त्याची उचल फेडायला मुलगा दुसऱ्या बोटीवर गेला.

२०२१ ला आमच्या पालघर जिल्ह्यातल्या मुरब्याच्या बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि एक कोटी तेहतीस लाखांना गेले, ती बातमी सगळ्यांनी शेअर केली. चांगलंच आहे, आनंदच आहे, घोळीच्या पोटातल्या पिशवीला परदेशात सोन्याचा भाव आहे. पण माझ्या फोनवर ती बातमी जितक्यांदा आली त्याच्या दहावा हिस्सा पण जेलातल्या खलाशांची कधी आली नाही. तेव्हा ताई, "काय ते दिवस" म्हणणाऱ्या मामांना सांगा की दिवस तेच आहेत, होडीतली माणसं बदलली.

---

हल_मुक्काम

विषय कोकणाचा आहे पण नोकरीनिमित्त इंग्लंडात हल नावाच्या बंदरगावात राहतो आणि इथली गोष्ट या धाग्याला जुळते म्हणून लिहितो, नको वाटलं तर स्क्रोल करा.

इथले ट्रॉलर आइसलंड आणि त्याच्याही वर कॉड पकडायला जायचे, एक फेरी साधारण तीन आठवड्यांची. डेकवर उघड्यावर मासे चिरायचे, अठरा तास काम सहा तास झोप, आणि थंडी अशी की उडणारं पाणी बोटीवरच गोठायचं. बर्फाचं वजन वाढलं की बोट एका अंगाला जाऊन उलटते म्हणून कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडत राहायचं. परत आले की तीन दिवस घरी, खिशात पैसे, गावात त्यांना तीन दिवसांचे लखपती म्हणायचे, चौथ्या दिवशी परत बोट. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिन्याभराच्या आत इथले तीन ट्रॉलर बुडाले, ५८ माणसं गेली, तिसऱ्या बोटीवरचा एकच वाचला. पहिल्या बोटीवर वायरलेस ऑपरेटरच नव्हता, त्यामुळे ती गेली हेच किती दिवस कळलं नाही. मग बायका उठल्या. लिलियन बिलोका नावाची मासळीच्या कारखान्यात काम करणारी बाई पुढे, डोक्याला रुमाल बांधून मोर्चा नेला, लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि प्रत्येक बोटीवर ऑपरेटर, हवामानाचे नियम वगैरे पदरात पाडून घेतलं. बक्षीस म्हणून त्या बाईची नोकरी गेली आणि धमक्यांची पत्रं आली.

सुकटवाली ताई, इथेही जाळी विणणाऱ्या बायकाच होत्या आणि म्युझियममध्ये त्यांचे फोटो फार गोड लावलेत.

पण एक फरक आहे. आपल्याकडे किनाऱ्यावरचे धंदे एकेक करून गेले आणि मासेमारी राहिली. इथे मासेमारीच गेली. १९७६ ला आइसलंडची दोनशे मैलांची हद्द ब्रिटनने मान्य केली आणि हलचा लांब पल्ल्याचा ताफा काही वर्षांत भंगारात. रात्री मासळी उतरवणारे हमाल, जाळीवाल्या, बर्फवाले, सगळी एक लांबलचक वस्ती रिकामी. आणि खलाशांना सांगितलं की तुम्ही कायम कामगार नव्हता, प्रत्येक फेरीचा वेगळा करार होता, म्हणून भरपाई नाही. त्यातल्या अनेकांचे केस तेव्हाच पांढरे झाले होते. सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली २००० नंतर, तोवर कित्येक वारले. उचल आणि तोंडी हिशोबावर काम करणाऱ्या आपल्या खलाशांचं काय होईल याचा विचार हे वाचून कुणी करत असेल तर बरं.

---

अर्नाळा_लाइन

सुकटवाली ताई, हंड्याचं मान्य. आईंना नमस्कार सांगा.

फक्त नायलॉनचं एक राहिलं. सणाचं जाळं तुटून समुद्रात गेलं तर कुजून जायचं. नायलॉनचं कुजत नाही, तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, आमच्याच जाळ्यात दुसऱ्याच्या जाळ्याचे गुंते येतात. आणि सस्तं झालं म्हणून जाळ्याचे डोळे बारीक झाले, बोटभर पापलेट पण सुटत नाही. २०२३ ला पापलेटला राज्यमासा केला, त्याचा फोटो सगळ्यांनी लावला, आणि त्याच आठवड्यात बाजारात तळहाताएवढी पापलेटं टोपलीने विकायला होती.

---

मत्स्य_पदवीधर (रत्नागिरी)

कायदा आहे हो. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, २०१६ ला पर्ससीनवर (अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आले, २०१७ ला एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आली. आणि रात्री भाट्याच्या पुलावर उभं राहिलात तर समुद्रात दिवाळी दिसते.

---

माहेर_कोळीवाडा (पुणे)

सगळ्यांना खूप थँक्स, एवढं येईल असं वाटलंच नव्हतं. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ती सालीच्या वासापाशी थांबली आणि म्हणाली हो, आमच्याकडे पण हंडा होता, नंतर त्यात पाणी तापवायचे लग्नाकार्यात. डहाणू दादांची पोस्ट मी तशीच्या तशी ग्रुपवर टाकली, मामांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

देवगडच्या दादांना एक विचारायचंय, कलाफत करणारा आता कुणीच नाही का? एखाद्याचं काम व्हिडिओत धरून ठेवता आलं तर मला करायचंय.

---

देवगडचो_नाखवो

आहेत, पण मोजकेच आणि म्हातारे. आता नवीन बोट बहुतेक फायबरचीच, आणि जुन्या लाकडी बोटीवर पण वरून फायबर चढवतात म्हणजे सांधा भरायचा प्रश्नच मिटला. तरी लाकडी बोटी ज्यांच्याकडे आहेत ते अजून कलाफत करून घेतात. तुम्ही १ जूनला बंदी सुरू झाली की लगेच या, बोटी वर ओढलेल्या असतात आणि पाऊस धरायच्या आत काम उरकायचं असतं, त्यामुळे दहा-बारा दिवसच मिळतात. जुलैत आलात तर ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटी दिसतील फक्त. आमच्याकडे एक मेस्त्री आहेत, मोबाइल वापरत नाहीत, बंदरावर चहाच्या टपरीवर विचारायचं. कॅमेरा बघून आधी शिव्या देतील, तिकडे लक्ष देऊ नका, पानाचा डबा पुढे करा.